सात रस्ता ते वळसंग: सिंकच्या कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आजपासून सिंकचं, म्हणजे सगळ्या टॉवरची घड्याळं जुळती ठेवण्याचं, काम रीतसर माझ्या गळ्यात पडलं. सोलापूर, कुंभारी, वळसंग, अक्कलकोट, नळदुर्ग आणि परत सोलापूर अशी आमची फायबरची रिंग. तिच्यावरच्या फाइव्ह-जी साइटना आजवर वेळ मिळायची ती टॉवरवरच्या जीपीएस अँटेनातून. आता ती सोलापुरातल्या सात रस्त्याच्या ट्रान्समिशन रूममधून फायबरवरून पोचवायची. अँटेना काढायच्या नाहीत, फक्त राखीव ठेवायच्या.

का, तर जानेवारीचं फॉल्ट रजिस्टर बघा. संक्रांतीच्या आठवड्यात तीन अँटेना गेल्या. एकीच्या मानेला मांजाचे वेढे बसले होते, वारा सुटला की केबल ओढली जायची आणि कनेक्टर ढिला पडायचा. दुसरी यंत्रमागाच्या शेडवरची. पत्रे बदलणाऱ्याने उचलून बाजूला ठेवली ती आभाळाऐवजी भिंतीकडे तोंड करून. तिसरीत पाणी गेलेलं, तेही गेल्या पावसाळ्यातलं असणार.

फाइव्ह-जीला वेळेचं एवढं काय पडलंय, असं घरच्यांनी विचारलं. टीडीडीत जायला आणि यायला एकच पट्टी असते, म्हणून टॉवरला पाळीपाळीने बोलावं आणि ऐकावं लागतं. माझा टॉवर मोबाइलचा क्षीण आवाज ऐकत असताना शेजारचा बोलायला लागला की संपलं. म्हणून खऱ्या वेळेपासून फार तर दीड मायक्रोसेकंद पुढे किंवा मागे, एवढीच मुभा. उपकरणातला साधा क्रिस्टल ४.६ पीपीएमच्या (दहा लाखात ४.६) कमाल चुकीने मोकळा सुटला तर ही मुभा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात संपते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दीड मायक्रोसेकंद म्हणजे १५०० नॅनोसेकंद. ते कुठे कुठे खर्च होणार त्याचा हिशोब वहीत मांडला. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत वाटणी दिलेलीच आहे: उगमाच्या घड्याळाला १००, मधल्या अकरा घड्याळांना प्रत्येकी ५० धरून ५५०, वरखाली डळमळण्याला २००, फायबरच्या जाण्यायेण्यातल्या फरकाला २५०, रिंग फिरताना तग धरायला २५०, शेवटच्या रेडिओला १५०. बेरीज बरोबर १५००. साहेब म्हणाले, ‘एवढे डबे कशाला करतोस, एकूण पंधराशे आहेत ना?’ पगार एकदम खिशात ठेवणाऱ्या माणसाचं विसाव्या तारखेला काय होतं ते त्यांना सांगायचं धाडस झालं नाही.

नव्या पोरांसाठी इथेच लिहून ठेवतो, कारण उद्या पुन्हा कोणीतरी विचारणारच. फायबरवरून दोन गोष्टी जातात. एक ठेका, दुसरी वेळ. ठेका सिंक-ई देतं: लाइनवर येणाऱ्या बिटांच्या चालीवरच पुढचा नोड आपली चाल बांधतो, पॅकेट उशिरा आलं काय नि लवकर आलं काय, त्याला फरक पडत नाही. आजोबा गिरणीत होते. एका शाफ्टवरून पट्ट्यांनी सगळे माग कसे फिरायचे ते सांगायचे, तसलाच हा प्रकार. पण शाफ्टकडे बघून किती वाजले ते कळत नाही. त्याला भोंगा लागतो, आणि आमचा भोंगा म्हणजे पीटीपी.

पीटीपीत मास्टर, म्हणजे वेळ देणारा, निरोप पाठवतो, निघाल्याची वेळ लिहून. स्लेव्ह, म्हणजे वेळ घेणारा, पोचल्याची वेळ टिपतो. मग स्लेव्ह उलटा निरोप पाठवतो, त्याच्याही दोन वेळा. चार आकड्यांतून एकूण फेरी निघते आणि स्लेव्ह त्या फेरीचा निम्मा भाग जाण्याचा धरतो. सगळी गोम या निम्म्यात. जायचा आणि यायचा रस्ता सारखाच आहे हे त्याने कुठेही मोजलेलं नसतं, नुसतं मानलेलं असतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कुंभारीची कॉन्फिगरेशन तपासली. कुंभारी–वळसंग दुव्यावर कोणीतरी दोन्ही टोकांना क्वालिटीचे निरोप बंद करून हाताने ‘पीआरसी’ लिहून ठेवलंय, म्हणजे समोरून येणारं घड्याळ कायम उत्तम दर्जाचं समजायचं. एरवी प्रत्येक नोड सेकंदाला एक निरोप देतो, की माझ्याकडचं घड्याळ अमुक दर्जाचं. आणि ज्याच्याकडून घेतलं त्यालाच उलट सांगतो, की माझ्याकडून घेऊ नकोस. हा शेवटचा निरोपच या दुव्यावर मुका केलेला.

रात्री दीड वाजता परवानगी घेऊन सात रस्त्याकडून येणारा दुवा बंद केला. कुंभारीने वळसंगचं घड्याळ धरलं. वळसंगने कुंभारीचं आधीच धरलेलं होतं. आता मी तुझ्या मागे, तू माझ्या मागे. अलार्म एकही नाही, दोन्हीकडे हिरवं ‘लॉक्ड’. तासाभरात दोघं मिळून मूळ ठेक्यापासून २० पीपीबी (अब्जात वीस) सरकले, अगदी एकमेकांना धरून. रेडिओची मर्यादा ५० पीपीबी, म्हणजे आणखी थोडा वेळ थांबलो असतो तर तीही ओलांडली असती.

हाताने लिहिलेली क्वालिटी काढली, निरोप सुरू केले, पुन्हा दुवा तोडला. आता दोघांनी नळदुर्गच्या बाजूने येणारा ठेका धरला. साडेतीनला बाहेर पडलो. सात रस्त्याला चहा मिळाला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नव्या मुलाचा घाबरलेला फोन: ‘सर, सगळे राउटर ३७ सेकंद पुढे आहेत.’ पुढे नाहीत बाबा. पीटीपी टीएआय, म्हणजे अणुघड्याळांची वेळ वापरतं, तिच्यात पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घातलेले लीप सेकंद नसतात. यूटीसी, म्हणजे रोजच्या वापरातली जागतिक वेळ, तिच्या ३७ सेकंद मागे, जीपीएसची वेळ १९ सेकंद मागे. शेवटचा लीप सेकंद २०१६च्या ३१ डिसेंबरला पडला, आपल्याकडे तेव्हा १ जानेवारीची पहाट उजाडत होती, साडेपाचचा सुमार. राउटरच्या पडद्यावर फरक वजा करायची ओळ घालायची राहिली होती, एवढंच.

तोच मुलगा पुढे म्हणतो, ‘मग खरी वेळ कुठली?’ त्याला म्हटलं, दुपारी गच्चीवर काठी उभी करून बघ. भारताची वेळ ८२.५ रेखांशाची, सोलापूर ७५.९ वर. वर्षभराच्या सरासरीने आपला सूर्य डोक्यावर येतो तो १२ वाजून २६ मिनिटांच्या आसपास.

५ मार्च, बुधवार

होटगी रोडच्या साइटवर टेस्ट सेट लावला. हा पुण्याहून आठ आठवड्यांच्या बोलीवर मागवलेला, आत स्वतःचं रुबिडियमचं अणुघड्याळ, सोबत स्वतःची छोटी अँटेना. पंधरा दिवसांपूर्वी सात रस्त्याच्या रूममध्ये याच सेटने ग्रँडमास्टर, म्हणजे सगळ्यांना वेळ देणारं उगमाचं घड्याळ, तपासला होता तेव्हा फरक ४ नॅनोसेकंद दाखवला होता. खूश होऊन फोटो ग्रुपवर टाकला होता.

आज होटगी रोडला २४१ मागे.

फायबरवर संशय घेतला. पॅचकॉर्ड बदलल्या, पोर्ट बदलला, आकडा तोच. कुंभारीला गेलो. तिथे २२८ मागे. मग गाडीतच डोक्यात उजेड पडला. दोन वेगळ्या दुव्यांवर जवळजवळ एकच चूक असेल तर ती दुव्यांची नाही, उगमाची.

६ मार्च, गुरुवार

गच्चीवरच्या अँटेनापासून खाली रूमपर्यंत ६० मीटर कोअ‍ॅक्स केबल. तिच्यातून सिग्नलला मीटरमागे साधारण ३.९ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे सुमारे २३५. हा आकडा ग्रँडमास्टरमध्ये भरायचा असतो. भरलेला होता शून्य.

मग रूममध्ये ४ कसे दाखवले? कारण मी सेटला सिग्नल दिला होता त्याच केबलच्या खालच्या टोकाला असलेल्या स्प्लिटरमधून. दोघंही तेवढीच केबल मागे, दोघांचं अगदी गूळपीठ. आज सेट त्याच्या स्वतःच्या अँटेनासकट गच्चीवर नेऊन बसवला आणि ग्रँडमास्टरची सेकंदाची टिकटिक वेगळ्या, मोजलेल्या केबलने वर आणली. २३४. आकडा भरल्यावर उरला २.

ग्रुपवरचा तो फोटो काढून टाकला. कोणी विचारलं नाही.

१९ मार्च, बुधवार

मोहोळ–पंढरपूर. इथे आमचं स्वतःचं फायबर नाही, दुसऱ्यांच्या ओटीएन (ऑप्टिकल ट्रान्सपोर्ट नेटवर्क) यंत्रणेवर भाड्याची लाइन आहे. पीटीपी तिच्यातून सोडून पाहिलं. पहिल्या दिवशी १८० पुढे. कार्ड रिसेट केलं तर ९० मागे. आणखी एकदा रिसेट, ४० पुढे.

ओटीएनची स्वतःची चाल ±२० पीपीएमच्या आत कुठेही असली तरी चालते. आत बसवलेल्या सिग्नलची चाल वेगळी, म्हणून तो तिच्यात सामावताना बिटांना मधल्या बफरमध्ये थांबवावं लागतं. ठेका त्यातूनही नीट पार होतो. पण बफर दर वेळी सुरू होताना किती भरलेला असेल याचा नेम नाही, आणि जाण्याच्या बाजूचा बफर येण्याच्या बफरला विचारून भरत नाही. कायमची चूक असती तर आकडा भरून दुरुस्त केली असती. दर रिसेटला बदलणाऱ्या चुकीला आकडा कुठला भरणार?

पुण्याकडच्या जुन्या डीडब्ल्यूडीएम (एका फायबरवर अनेक रंगांचा प्रकाश) दुव्याचीही हीच रड, कारण मात्र निराळं. तिथे अ‍ॅम्प्लिफायरजवळ डिस्पर्शन, म्हणजे प्रकाशाच्या ठोक्यांचं पसरणं, भरून काढायला खास फायबरची रिळं बसवलेली आहेत. ८० किलोमीटरच्या टप्प्याला तसली तेरा-चौदा किलोमीटर तार गुंडाळलेली असते, जाण्याचं रीळ वेगळं, येण्याचं वेगळं. डिस्पर्शन जुळलं की कारखान्याचं काम झालं, लांबी जुळावी असं त्याला कोणी सांगितलेलं नसतं. दोन टक्क्यांचा फरक म्हणजे पावणेतीनशे मीटर. तिथे वेळ न्यायचीच तर १५१० नॅनोमीटरच्या देखरेख चॅनेलवरून न्यावी. तो अ‍ॅम्प्लिफायर आणि रिळं दोन्हींना वळसा घालून जातो.

पंढरपूरला स्वतंत्र ग्रँडमास्टर मागितला. आषाढी ६ जुलैला आहे, त्याच्या आत बसायलाच हवा. साहेबांनी किंमत ऐकून चष्मा काढला, पण सही केली.

३१ मार्च, सोमवार

काल पाडवा, आज स्वामींचा प्रकट दिन. अक्कलकोटच्या बाजूला काही हलवायचं नाही असा आदेश, आणि तो योग्यच आहे. बसून वाचलं. २६ जानेवारी २०१६ला एक जुना जीपीएस उपग्रह सेवेतून काढताना यूटीसीच्या दुरुस्तीचा चुकीचा आकडा प्रसारित झाला होता. जगभरातल्या बऱ्याच टेलिकॉम घड्याळांनी १३ मायक्रोसेकंदांची चूक मुकाट गिळली. आपल्या मुभेच्या आठपटीहून जास्त. सात रस्त्याचा नवा रिसीव्हर जीपीएसबरोबर भारताची उपग्रह यंत्रणा नाविकही घेतो. नाविकच्या एनव्हीएस-०१ उपग्रहावर (२९ मे २०२३ला सोडलेला) देशी रुबिडियम घड्याळ आहे. दोन्हींत मतभेद झाले तर निदान अलार्म तरी येईल.

८ एप्रिल, मंगळवार

कुंभारीपर्यंत सगळं छान. ३० च्या आत. पुढच्या उडीला, वळसंगला, ६४० मागे. अक्कलकोटला ६५२ मागे, म्हणजे वळसंगचंच दुखणं पुढे गेलेलं. पडद्यावर मात्र सगळे हिरवे. स्लेव्ह स्वतःचा फरक मास्टरशी ‘३ नॅनोसेकंद’ सांगतोय, आणि त्याच्या परीने तो खोटं बोलत नाही.

गणित उलटं केलं. चूक फरकाच्या निम्मी असते, म्हणजे जाण्यायेण्यात फरक १२८०. फायबरमध्ये मीटरला ४.९ नॅनोसेकंद. १२८० भागिले ४.९, २६१ मीटर. वळसंग मागे आहे, म्हणजे सोलापूरहून वळसंगकडे जाणारी कोअर, म्हणजे केबलमधली काचेची तार, लांब.

२६१ मीटर! एका केबलमधल्या दोन शेजारच्या कोअर. एकीलाच एवढी जास्त लांबी येईल कुठून? साहेब म्हणाले, गणित चुकलंय.

९ एप्रिल, बुधवार

फायबर जोडणाऱ्या जॉइंटर मामांना घेऊन ओटीडीआर, म्हणजे फायबरची लांबी मोजणारं यंत्र, लावला. येणारी कोअर १४.३१२ किलोमीटर. जाणारी १४.५७३. मामांनी पडदा स्वतःकडे वळवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, ‘सायेब, हे माझंच काम हाय.’

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रस्तारुंदीच्या जेसीबीने केबल तोडली होती. नारिंगी कोअर पुढच्या टप्प्यातही कुठेतरी चेपलेली निघाली, लॉस फार. तेव्हा मामांनी ती रस्त्यापलीकडच्या जुन्या केबलमधल्या मोकळ्या कोअरवर टाकली. जुनी केबल ओढ्याला वळसा घालून जाते आणि तिचे दोन-तीन वेढे चेंबरमध्ये शिल्लक पडलेत. निळी राहिली नव्या केबलमध्ये.

‘रात्री अडीच वाजता पावसात कुटं मोजत बसू? तुमीच फोनवर बोंबलत हुता, लाइन उटली का, लाइन उटली का.’

खरं आहे. मीच होतो फोनवर. आणि लाइन उठली तेव्हा पॉवर लेव्हल उत्तम होती, एररही शून्य. डेटाला २६१ मीटरचं सोयरसुतक नसतं.

आता दोन मार्ग. पीटीपीच्या पोर्टवर असमानतेचा आकडा भरायचा, पाच मिनिटांचं काम. किंवा कोअर परत एका केबलमध्ये आणायची, एक रात्र आणि दोन क्लोजर (जोडांचे डबे). साहेबांना पहिला पसंत, मला दुसरा. भरलेला आकडा आज खरा असतो. पुढच्या जेसीबीनंतर तो तसाच बसून राहतो आणि तेव्हा कोणाला आठवत नाही. शिवाय रिंग उलटी फिरली की वळसंग मास्टर होणार आणि हीच २६१ मीटर कुंभारीला ६४० पुढे ढकलणार, तर त्या टोकालाही उलट चिन्हाचा आकडा भरावा लागेल. शेवटी ठरलं: आज वळसंगच्या टोकाला आकडा भरायचा, आणि पुढच्या आठवड्यात रात्र काढायची.

१७ एप्रिल, गुरुवार

रात्री बारा ते चार. मामांनी नव्या केबलमधली तपकिरी कोअर तपासून घेतली, लॉस बरा निघाला. हवा रात्रीही गरम. मशीनमध्ये फायबरची दोन टोकं समोरासमोर येताना पडद्यावर दिसतात, मग एक निळसर ठिणगी, आणि दोन्ही एक. मामा ती ठिणगी पडेपर्यंत श्वास धरतात. मीही धरला. दोन्ही क्लोजरचे जॉइंट ०.०४ आणि ०.०२ डीबी. ओटीडीआरवर दोन्ही दिशांना १४.३१२ आणि १४.३१३.

वळसंगला टेस्ट सेट लावला. ६२८ पुढे.

मामा माझ्याकडे बघतात, मी मामांकडे. मी म्हटलं जॉइंट कुठेतरी चुकला. मामा म्हणाले, ‘जॉइंट बरोबर हाय. तुमी काय तरी केलाय.’ मीच केलं होतं. गेल्या आठवड्यात भरलेला आकडा काढला नव्हता. भरलेला आकडा कोणाला आठवत नाही असं आठवड्यापूर्वी याच वहीत लिहिणारा माणूस मी.

आकडा शून्य केला. १२ मागे. पहाटे पाचला कुंभारीच्या टपरीवर मामांनी दोन चहा सांगितले आणि पैसे मला द्यायला लावले.

६ मे, मंगळवार

पारा चाळिशीच्या वर. वळसंगच्या शेल्टरचा एसी दुपारी बंद पडला, आत ५१. अशा वेळी सिंक-ईचा ठेका चालू असणं किती कामाचं ते दिसलं. पीटीपी मुद्दाम तीन तास बंद ठेवलं, ठेका चालू. वेळ ४० नॅनोसेकंदही सरकली नाही. नुसत्या क्रिस्टलवर सोडली असती तर दहा अब्जात एकाच्या चुकीनेही दिवसाला ८.६ मायक्रोसेकंद गेले असते, आणि ५१ अंशांत क्रिस्टल एवढाही शहाणा राहत नाही.

जमिनीतलं फायबरही तापतं, किलोमीटरला अंशामागे चाळीसेक पिकोसेकंद. पण एकाच केबलमधल्या दोन्ही कोअर सारख्याच तापतात, त्यामुळे वजाबाकीत उडून जातं.

नव्या साइटना आता एकाच कोअरवर दोन्ही दिशा देणारे मॉड्यूल मागवलेत, १३१० जायला आणि १४९० यायला. एकच कोअर, त्यामुळे लांबीचा वादच नाही. दोन रंगांचा वेग किंचित वेगळा असतो तेवढाच फरक, १४.३ किलोमीटरला चूक ९ नॅनोसेकंद येते, तीही कायमची आणि आधी सांगता येणारी. जेसीबीने तोडलं तरी जोडताना एक लांब आणि एक आखूड करणं मामांनाही जमणार नाही. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘मग आमचं काय काम?’ म्हटलं, नळदुर्गपर्यंत जुने अकरा दुवे बाकी आहेत.

२१ मे, बुधवार

वळीव. काल संध्याकाळी गडगडाट, आणि आज सकाळी कुंभारीच्या पुढे गटाराच्या खोदकामात केबल पुन्हा तुटली. रिंग फिरली, वळसंगने अक्कलकोटच्या बाजूने वेळ घेतली, उडी १९ नॅनोसेकंदांची. रेडिओला काही कळलं नाही.

मामा दुपारी पोचले. एक कोअर चांगली निघाली, दुसरी तुटलेली. पूर्वीसारखं एकच हलवून लाइन उठवता आली असती, वीस मिनिटांत. मी फोनवर काहीच बोललो नाही, मुद्दाम. सव्वा तास लागला. दोन्ही कोअर एकाच केबलच्या दुसऱ्या ट्यूबमध्ये नेल्या, दोन्ही मोजल्या, रजिस्टरमध्ये दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहिले. जॉइंटिंग रजिस्टरला लांबीचा रकाना नव्हताच. मामांनी शेऱ्याच्या रकान्यात पट्टीने रेघ मारून दोन केले.

क्लोजरचं झाकण लावायच्या आधी खिशातून मार्कर काढून त्यांनी आत लिहिलं: ‘एक हलवली तर दुसरी बी हलवा.’ खाली तारीख.

टेस्ट सेट परत मागतायत, मुदत कधीच उलटून गेली. शुक्रवारी पुण्याला पाठवायचा. त्याआधी उद्या अक्कलकोट–नळदुर्गचे निदान तीन दुवे मोजून घ्यायचेत.